रांगेतलं घर: लंडनमधली दोनशे वर्षांपूर्वीची बिल्डरगिरी

गावर स्ट्रीट, बेडफर्ड स्क्वेअर, रसेल स्क्वेअर. लंडनच्या ब्लूम्सबरी भागात शिकायला गेलेली मराठी मुलं या रस्त्यांवरून रोज ये-जा करतात. दोन्ही बाजूंना घरांच्या रांगा. घराला घर चिकटलेलं, सगळ्यांची उंची सारखी, विटा सारख्याच काळपट, खिडक्या एका रेषेत. नक्षीकाम जवळजवळ नाही, छप्पर तर दिसतच नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटलं तर त्याचा दोष नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजांनाही ही घरं रुक्ष वाटायची. आज त्याच घरांच्या दाराचा रंग बदलायचा झाला तरी कधीकधी परवानगी काढावी लागते, इतका त्यांचा मान वाढला आहे.

ही घरं साधारण १७७५ ते १८३० या काळातली. चार जॉर्ज राजांच्या कारकिर्दीवरून (१७१४ ते १८३०) त्यांना ‘जॉर्जियन’ म्हणतात. अशा सलग रांगेला तिकडे ‘टेरेस’ हा शब्द आहे, आपल्या गच्चीशी त्याचा संबंध नाही. या घराचा आर्किटेक्ट शोधायला गेलात तर बहुतेक वेळा तो सापडत नाही. सापडतात ते एक जमीनदार, त्याचा वकील, कर्जाने पिचलेला एक बिल्डर आणि संसदेने केलेला एक कायदा. या चौघांच्या ओढाताणीतून इतकं नेमकं, शिस्तीचं घर कसं निघालं हे कळायला हवं असेल, तर विटांच्या आधी पैशाकडे बघावं लागतं.

लंडनच्या पश्चिमेची आणि उत्तरेची शेतजमीन मोजक्या घराण्यांच्या ताब्यात होती. बेडफर्डचे ड्यूक, ग्रोव्हनर, पोर्टमन ही त्यांतली मोठी नावं. अनाथ मुलांसाठी चालवलेलं फाउंडलिंग हॉस्पिटल हाही एक जमीनदारच. यांना जमीन विकायची नव्हती. मग ते ती भाडेपट्ट्याने देत, आणि या काळात मुदत बहुधा ९९ वर्षांची असे. बिल्डरने स्वतःच्या पैशाने घर बांधायचं, दरवर्षी जमिनीचं भाडं भरायचं आणि मुदत संपली की जमीन घरासकट मूळ मालकाच्या वारसाकडे परत. बांधकाम चालू असताना बिल्डरला सवलत म्हणून पहिलं एखाद-दुसरं वर्ष भाडं नाममात्र असे. करारात लिहिलेलं असायचं, ‘मिरीचा एक दाणा’. हा मिरीचा दाणा चालू असेपर्यंत घराचा सांगाडा उभा करून पट्टा कुणाला तरी विकून टाकायचा, हा बिल्डरचा सगळा खेळ.

बिल्डर म्हणजे तरी कोण? पुष्कळदा एखादा गवंडी किंवा सुतार, ज्याने दोन-तीन प्लॉट उचललेले असत. हातात रोकड नसे. मग गवंडी सुताराच्या घराच्या भिंती बांधून देई, सुतार गवंड्याच्या घराची तक्तपोशी करून देई, गिलावा करणारा दोघांचीही छतं करून देई आणि हिशेब कामावर काम फिटे. युद्धाच्या काळात लाकूड महागलं, कर्ज आटलं, की यांतले कितीतरी जण दिवाळखोरीत जात आणि रस्त्यावर अर्धवट सांगाडे उभे राहत. मोठे खेळाडूही होते. जेम्स बर्टनने १८०० नंतर रसेल स्क्वेअर आणि आसपासचा भाग उठवला. त्याच्यामागून आलेल्या थॉमस क्युबिटने सगळ्या कारागिरांना कायमच्या पगारावर ठेवलं आणि एका छत्राखाली काम करणारी कंपनी उभी केली. आजच्या कंत्राटदार कंपन्यांचं ते पहिलं ठसठशीत रूप.

या व्यवहाराने घराची कुंडली ठरवून टाकली. रस्त्याकडेची प्रत्येक फूट जमीन महाग, म्हणून प्लॉट अरुंद. साधारण १८ ते २४ फूट रुंदी, आणि घर मागे आणि वर वाढणार. शिवाय जमीनदाराला घराच्या आत काय चाललंय याच्याशी फारसं घेणंदेणं नव्हतं. त्याला रस्त्याची पत हवी होती, कारण ९९ वर्षांनी ती पत त्याच्या नातवा-पणतवाला मिळणार होती. म्हणून करारात बंधनं असत ती दर्शनी बाजूची. मजल्यांची उंची शेजाऱ्याशी जुळली पाहिजे, वीट अमुक प्रतीची पाहिजे, भिंत पुढे-मागे होता कामा नये. बाथ शहरातला प्रसिद्ध रॉयल क्रेसेंट (१७६७ ते १७७४) हे याचं सगळ्यात धीट उदाहरण. समोरून ३० घरांची एकसंध अर्धचंद्राकृती रांग आणि मागे गेलात तर प्रत्येक घर वेगळं. कुणाचं पुढे आलेलं, कुणाचं आत गेलेलं, कुणाच्या खिडक्या वाट्टेल तिथे. प्रत्येकाने ठरलेला चेहरा घेतला आणि त्यामागे आपापल्या मर्जीचं घर बांधून घेतलं.

आता कायदा. १६६६ च्या आगीत लंडन शहराचा मोठा भाग जळाला. पुढच्याच वर्षी कायदा आला की घरं विटांची किंवा दगडाचीच हवीत. पण गंमत त्यानंतरच्या कायद्यांत आहे. १७०७ मध्ये छपराच्या लाकडी वळचणीवर बंदी आली, कारण आग एका वळचणीवरून दुसरीवर धावत जाते. त्यामुळे दर्शनी भिंत छपराच्या वर चढवून तिचाच कठडा करायची पद्धत पडली आणि छप्पर त्यामागे गडप झालं. १७०९ मध्ये ठरलं की खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या दर्शनी पातळीपासून चार इंच तरी आत हवी. १७७४ च्या मोठ्या कायद्याने त्यापुढे जाऊन चौकटीची पेटी विटांच्या मागे लपवायला लावली. बाहेरून लाकडाची फक्त बारीकशी कड दिसायची. म्हणजे आपण ज्याला ‘जॉर्जियन साधेपणा’ म्हणून दाद देतो, तो सपाट, तासलेला, लाकूड लपवणारा चेहरा बऱ्याच अंशी अग्निसुरक्षेचा नियम आहे. खऱ्या दगडाची नक्षी परवडत नाही आणि लाकडाला परवानगी नाही, या पेचातून काही बिल्डरांनी भाजलेल्या कृत्रिम दगडाचा मार्ग काढला. एलिनॉर कोड नावाच्या बाईंचा लॅम्बेथमध्ये त्याचा कारखाना होता. बेडफर्ड स्क्वेअरच्या दारांवरचे दाढीवाले चेहरे त्याच दगडाचे आहेत.

या १७७४ च्या कायद्याने घरांच्या प्रतीही ठरवल्या. तळमजल्याचं क्षेत्र ९०० चौरस फुटांहून जास्त आणि किंमत ८५० पौंडांवर असेल तर घर पहिल्या प्रतीचं. ३५० चौरस फुटांच्या आत आणि १५० पौंडांखाली असेल तर चौथ्या. मध्ये दुसरी आणि तिसरी. प्रत्येक प्रतीसाठी भिंतींची जाडी वेगळी. नियम होता भिंतीच्या जाडीचा, पण बिल्डरांना त्यातून चार तयार साचे मिळाले आणि जमीनदारांना शहर आखायची सोय. चौकाच्या बागेसमोर पहिल्या प्रतीची घरं, जोडरस्त्यांवर दुसरी, आतल्या गल्ल्यांत तिसरी आणि चौथी. मोठ्या घरांच्या पाठीमागे घोडे आणि बग्ग्यांसाठी तबेल्यांची बारीक गल्ली. माणसाची ऐपत त्याच्या पत्त्यावरून सांगता यावी अशी ही व्यवस्था, आणि ती अगदी उघडपणे केलेली होती. (त्या तबेल्यांच्या गल्ल्यांत आज राहायला जायचं तर तुमच्याकडे भरपूर पैसे असावे लागतात.)

चेहऱ्याकडे वळू. इटलीतल्या पल्लादिओ या वास्तुकाराच्या इमारतींचं इंग्रजांना अठराव्या शतकात वेड लागलं होतं, आणि त्यातून रोमन मंदिराच्या खांबाचं प्रमाण घरांना लावायची सवय आली. खांब प्रत्यक्षात नसला तरी चालेल, त्याचं गणित हवं. खांबाला खाली बैठक असते, ती म्हणजे तळमजला. मधला उभा भाग म्हणजे पहिला आणि दुसरा मजला. माथ्यावरची आडवी पट्टी म्हणजे वरची कंगणी आणि कठडा. हे डोक्यात ठेवून गावर स्ट्रीटवरच्या कुठल्याही घराकडे पाहा. खिडक्यांची रुंदी सगळ्या मजल्यांवर जवळपास सारखी, उंची मात्र बदलते. सगळ्यात उंच खिडक्या पहिल्या मजल्याला, कधी रुंदीच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्या मजल्याच्या त्याहून बुटक्या. सगळ्यात वरच्या जवळजवळ चौकोनी. बास, एवढंच. दागिना एकही नाही, तरी भिंत डौलदार वाटते ती या उतरत्या उंचीमुळे आणि वीट-खिडकी यांच्यातल्या मोकळ्या जागेमुळे. नंतर कुणी एका खिडकीचं तावदान बदललं, एखादी खिडकी रुंद केली, की सगळी रांग बेसूर होते. नक्षीच्या इमारतीत असली चूक लपून जाते. इथे लपायला जागा नाही.

खिडक्यांवरच अजून थोडं थांबतो, कारण या घराची सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. वर-खाली सरकणाऱ्या दोन झडपा, दोन्ही बाजूंच्या पेट्यांत दोरीला टांगलेली वजनं, आणि प्रत्येक झडपेत सहा तावदानं. तावदानं लहान का? त्या काळची चांगली काच फुगवलेला गोळा गरगर फिरवून, थाळीसारखी पसरवून तयार करत. थाळीच्या मध्यभागी जाड गाठ राहायची, ती टाळून जे चौकोन कापता येत ते लहानच असत. त्यात काचेवर वजनाप्रमाणे कर होता, तो १८४५ पर्यंत टिकला, म्हणून काच पातळ. ती पूर्ण सपाट नसते. उन्हात समोरच्या घराचं प्रतिबिंब तिच्यात किंचित हलतं. आजची यंत्राने केलेली काच बसवलेल्या खिडकीत ते मेल्यासारखं स्थिर दिसतं. जुनी काच ओळखायची सोपी खूण हीच. दुसरी खूण तावदानांमधल्या लाकडी पट्ट्यांची. १७०० च्या सुमारास त्या चांगल्या जाड असत, पुढे सुतारांचं कसब वाढत गेलं आणि १८०० नंतर अर्ध्या-पाऊण इंचावर आल्या. बाहेरून बघताना काळ्या खिडकीवर पांढऱ्या रेघा ओढल्यासारख्या वाटतात. आतल्या बाजूला लाकडी दारं असतात, ती दिवसा खिडकीच्या तिरक्या गालांत घडी घालून बसवतात, इतकी बेमालूम की पाहुण्याला ती दारं आहेत हेच कळत नाही.

खिडक्यांवरही कर होता, १६९६ पासून १८५१ पर्यंत. एखाद्या घराची विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की लंडनचे वाटाडे हमखास सांगतात, ‘कर चुकवायला बुजवली.’ काही ठिकाणी ते खरं असेलही. पण पुष्कळ अशा खिडक्या जन्मापासून बंद आहेत. आत धुराडं किंवा जिना असेल तिथे खिडकी शक्य नसते, पण बाहेरून रांग तुटायला नको, म्हणून खिडकीच्या आकाराचा खड्डा ठेवून तो विटांनीच भरत. जवळ जाऊन विटांचे सांधे पाहा. आतल्या आणि बाहेरच्या विटा एकाच वेळच्या असतील तर कराची कथा बाजूला ठेवा.

पहिल्या मजल्याच्या खिडक्या १८०० च्या आसपास आणखी खाली उतरल्या, थेट खोलीच्या जमिनीपर्यंत, आणि त्यांच्यापुढे ओतीव लोखंडाचे नाजूक सज्जे आले. कारखान्यात साच्यातून निघणारी नक्षी, दिसायला हातकामासारखी आणि किमतीत स्वस्त. खाली मुख्य दार सहा फलकांचं. दारावर अर्धवर्तुळाकार काच, पंख्याच्या काड्यांसारख्या पट्ट्यांची. ती फक्त शोभेची नाही. दाराच्या आतला बोळ अरुंद, त्याला खिडकी नाही, दिवसाचा उजेड येणार तो तिथूनच.

उजेडाचा हा प्रश्न या घराच्या हाडातच आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याबरोबरच्या सामाईक भिंती, म्हणजे उजेड आणि हवा फक्त पुढून आणि मागून. पुण्यातल्या वाड्यात रस्त्याकडची भिंत मुकी असली तरी चालतं, कारण आतला चौक सगळ्या खोल्यांना आभाळ देतो. लंडनच्या घराला चौक नाही, त्यामुळे ते दोन खोल्यांपेक्षा खोल जाऊच शकत नाही. प्रत्येक मजल्यावर एक खोली पुढे, एक मागे, बाजूला जिना. वर गेलं की पुन्हा तेच. जिन्यावर छपरात बसवलेल्या काचेतून जो उजेड झिरपेल तो. दिवाणखान्यात दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर उंच आरसे लावत, तेही हौसेइतकेच उजेड दुप्पट करण्यासाठी. ही रचना इतकी पक्की बसली की पुढे व्हिक्टोरियन काळातही तीच चालू राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला ज्या १०, किंग हेन्रीज रोडवर राहिले आणि महाराष्ट्र शासनाने जे घर २०१५ मध्ये विकत घेतलं, ते याच वंशावळीतलं, रांगेतलं घर. त्याचा बाहेरचा साज पुढच्या काळातला आहे, मूळ साचा मात्र ओळखू येतो.

मजल्यांची वाटणी ठरलेली. तळमजल्यावर पुढे जेवणाची खोली. पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, पुढच्या-मागच्या खोलीमध्ये रुंद घडीची दारं, मेजवानीच्या दिवशी ती उघडून एकच लांब दालन करायचं. दुसऱ्या मजल्यावर नवरा-बायकोच्या खोल्या. त्याच्या वर मुलं आणि मोलकरणी. सजावटही मजल्यागणिक उतरते, आणि हे मला फार बोलकं वाटतं. दिवाणखान्याच्या छताला फुलापानांची चुन्याची कंगणी, संगमरवरी शेकोटी, तिच्या कोपऱ्यांत कोरलेली वर्तुळं. दुसऱ्या मजल्यावर साधी गोल पट्टी आणि लाकडी शेकोटी. माळ्यावर काहीच नाही. जिन्याचा कठडासुद्धा पाहुणे जिथपर्यंत येतात तिथपर्यंत महोगनीचा, चांगल्या घरात पायऱ्याही दगडी, भिंतीत एका टोकाला रोवून अधांतरी ठेवल्यासारख्या. त्यानंतर पाइनच्या अरुंद पायऱ्या. एखाद्या जुन्या घरात डोळे मिटून चढलात तरी हाताच्या स्पर्शावरून कळेल की मालकांचा मजला संपला.

आणि तळघर. रस्त्यावरून घरात शिरताना आपण एक छोटा पूल ओलांडतो हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. फुटपाथ आणि घराची भिंत यांच्यामध्ये खड्ड्यासारखं अंगण असतं, लोखंडी गजांनी बंद केलेलं. तळघरातल्या स्वयंपाकघराला त्यातून उजेड मिळतो आणि कामवाल्यांची ये-जा तिथल्या वेगळ्या पायऱ्यांवरून होते. फुटपाथच्या खाली कमानींच्या कोठड्या आहेत, कोळशासाठी. फुटपाथवर दिसणारी लोखंडाची गोल झाकणं त्यांचीच. कोळसेवाला झाकण उघडून पोतं ओतायचा, घरात पाय न ठेवता. हे तळघर खोल खणलेलं दिसतं, पण खरं तर अर्धवटच खणत. निघालेली माती पुढे टाकून रस्ताच वर उचलायचा, म्हणजे खणायचं काम कमी आणि कोठड्या आपोआप रस्त्याखाली. म्हणून घराच्या मागे गेलात की परसू एक मजला खाली दिसतो. मूळ शेताची पातळी ती.

तळघरापासून माळ्यापर्यंत चार-पाच जिने. कोळसा आणि गरम पाणी वर, राख आणि खोलीतली भांडी खाली, हे सगळं मोलकरणींच्या हातांनी. नळाचं पाणी आठवड्यातून काही दिवस, तेही थोडा वेळ येई, ते टाकीत साठवायचं. संडास परसात, खाली मैलाखड्डा. घरातलं सांडपाणी गटारांत सोडायची परवानगी १८१५ मध्ये मिळाली आणि ती घाण नंतर थेट थेम्समध्ये जाऊ लागली. घराच्या डौलाचं वर्णन करताना ही बाजू बहुधा गाळली जाते.

विटांबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. लंडनची ही वीट काळी किंवा तपकिरी नाही, मुळात पिवळसर आहे. चिकणमातीत खडू मिसळल्याने तो रंग येतो. मातीत शहरातल्या चुलींची चाळलेली राखही घालत. तिच्यातले कोळशाचे कण भट्टीत पेटत आणि वीट आतून भाजून निघे. काळेपणा हा दीडशे वर्षांच्या कोळशाच्या धुराचा थर. सगळ्यात गमतीशीर नमुना पंतप्रधानांच्या १०, डाउनिंग स्ट्रीटचा. १९६० च्या सुमारास दुरुस्ती करताना धुतलेल्या विटा पिवळ्या निघाल्या, आणि लोकांना काळंच घर ओळखीचं, म्हणून त्या परत काळ्या रंगवल्या.

या विटांतच बिल्डरची लबाडीही आहे. चांगली वीट महाग, १७८४ पासून विटांवर कर. म्हणून चांगल्या विटांचा पातळ पापुद्रा बाहेर आणि मागे कच्च्या, स्वस्त विटा. बाहेरून आडवी-उभी जोडणी अगदी शास्त्रशुद्ध दिसते, पण दिसणाऱ्या कितीतरी ‘उभ्या’ (फक्त टोक बाहेर ठेवलेल्या) विटा अर्ध्या तोडून चिकटवलेल्या असतात, मागच्या भिंतीत त्या रुतलेल्याच नसतात. भिंतीला बांधून ठेवण्यासाठी आत लाकडी पट्ट्या घालत, त्या पुढे कुजल्या. मग दर्शनी भिंत पोट सुटल्यासारखी बाहेर येते. लंडनच्या जुन्या घरांच्या भिंतींवर लोखंडी गोल तबकड्या दिसतात, त्यांच्यामागे आरपार सळ्या आहेत आणि त्या सळ्यांनी भिंत आतल्या तुळयांना धरून ठेवली आहे. ९९ वर्षांनी दुसऱ्याची होणारी भिंत कुणी किती मजबूत बांधेल? तरीही त्याच बिल्डरने खिडकीवरच्या सपाट कमानीसाठी मऊ विटा घासून-घासून पाचरीच्या आकाराच्या केल्या, चुन्याचा सांधा रेघेइतका बारीक ठेवला. कसब जिथे दिसणार तिथे खर्च केलं.

छप्पर बघायचं तर मागच्या गल्लीतून बघा. पुढून सरळ कठडा, मागून इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच. दोन्ही पाखं सामाईक भिंतींकडून मध्याकडे उतरतात, मध्ये पन्हळ, आणि पाणी मागच्या बाजूला सोडलेलं. आपल्याकडच्या पावसात असं छप्पर एका मोसमात घर बुडवेल. तिथेही ते गळतंच, फक्त सावकाश. वर वेल्समधून कालव्यांतून आणि समुद्रातून आलेली पातळ स्लेट. ती हलकी असल्यामुळेच पाखं इतकी सपाट ठेवता आली.

मग १८१० नंतर फॅशन बदलली. १७९६ मध्ये जेम्स पार्करने एका नैसर्गिक सिमेंटचं पेटंट घेतलं होतं, पाण्यात पटकन घट्ट होणारं. त्याचा गिलावा विटांवर चढवायचा, ओल्यात रेघा ओढून दगडाचे सांधे दाखवायचे, बाथच्या दगडासारखा रंग द्यायचा. वास्तुकार जॉन नॅशने लंडनच्या रीजंट्स पार्कभोवती या गिलाव्यातून महाल उभे केले. कंबरलंड टेरेस (१८२६) बघून कुणालाही वाटेल की हा राजवाडा आहे. खांबांची ओळ, वर त्रिकोणी शिखर, मूर्ती. आत मात्र तीच अरुंद घरं, तोच बाजूचा जिना. नॅशला विटांचं शहर मिळालं आणि तो प्लास्टरचं करून जाणार, अशी त्याची थट्टा त्याच्या हयातीतच झाली. मला स्वतःला गावर स्ट्रीटची उघडी वीट जास्त आवडते, पण ब्रायटन-होव्हच्या समुद्रकाठी हाच गिलावा उन्हात काय खुलतो हे पाहिलं की वाद घालावासा वाटत नाही. आज या घरांना जो मलईचा तेलरंग दिसतो तो नंतरचा. पट्ट्याच्या करारातच ठरावीक वर्षांनी रंग द्यायची अट असे.

१८०० च्या सुमारास दिलेले पट्टे १९०० च्या सुमारास संपले आणि जमीनदारांनी हिशेब मांडला. रसेल स्क्वेअरच्या काही घरांवर लाल टेराकोटाचे अलंकार चिकटवलेले दिसतात, ते तेव्हाचे. काही रांगा पाडून हॉटेलं झाली. विसाव्या शतकात लंडन विद्यापीठानेही आपल्या इमारतींसाठी ब्लूम्सबरीतल्या रांगा तोडल्या. उरलेल्या घरांत आता विद्यापीठाचे विभाग, वकिलांची आणि प्रकाशकांची कार्यालयं आहेत. ४९, बेडफर्ड स्क्वेअरवर राजा राममोहन रॉय राहत असल्याची पाटी आहे.

आतून पाहायचं असेल तर ४८, डाउटी स्ट्रीट गाठा. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं हे सर्वसाधारण मध्यमवर्गीय घर. चार्ल्स डिकन्स १८३७ ते १८३९ मध्ये इथे भाड्याने राहिला, म्हणून ते वाचलं आणि १९२५ पासून संग्रहालय आहे. ज्या ग्रेज इनमधून बाबासाहेब बॅरिस्टर झाले ती इथून चालत काही मिनिटांवर. आत गेल्यावर लोक थेट पहिल्या मजल्यावरच्या लिहायच्या खोलीकडे धावतात. त्याआधी तळघरातलं स्वयंपाकघर आणि धुण्याची खोली पाहून घ्या, मग जिना चढताना मजल्यागणिक कंगणी कशी साधी होत जाते ते बघत माळ्यापर्यंत जा. बाहेर पडल्यावर समोरच्या फुटपाथवर उभं राहून खिडक्यांची उंची नजरेनेच मोजा. कुठला मजला कुणाचा होता हे तेव्हा कुणी सांगावं लागणार नाही.